सुटलेला भाऊ

पार्से गावात मे महिन्यात एक नवल बघायला मिळतं आणि ते बघायला लोक मुद्दाम वळणापर्यंत चालत येतात. वळणावर एक छोटा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. मिंगेल नावाचा तरणाताठा मुलगा तिथे टिपरखाली गेला, म्हणून त्याच्या आईने, पिएदादने, तो उभारला. दर वर्षी त्याच दिवशी ती तिथे लदीन ठेवते. पाद्रीब येतो, प्रार्थना होतात, व्हायोलिनवर गाणी होतात आणि मग जमलेल्या सगळ्यांना, हिंदू असो की क्रिस्तांव, उकडलेले चणे मिळतात. ह्यात नवल कसलं म्हणाल, तर त्या खुरसाला चुन्याचा हात देतो कोण? झेंडूच्या माळा ओवतो कोण? चण्यांचं भांडं डोक्यावर घेऊन येतो कोण? सगुण! ज्याने मिंगेलला मारलं म्हणून तुरुंग भोगला, तोच सगुण.

लोकांची तोंडं काय, ती थोडीच बंद होतात. कोणी म्हणतं म्हातारी देवमाणूस, कोणी म्हणतं म्हातारीचं डोकं फिरलंय, आणि दोघंही चणे मात्र दोनदा घेतात.

ह्या गर्दीच्या मागे, काजूच्या झाडाला टेकून, दर वर्षी सगुणचा धाकटा भाऊ उभा असतो. रुद्रेश त्याचं नाव. साखळीला सरकारी कचेरीत कारकून आहे. लोकांना वाटतं, भावाच्या करणीची लाज वाटते बिचाऱ्याला. बिचारा म्हणे! अहो, टिपर चालवत होता तो रुद्रेश. सगुण बाजूच्या सीटवर झोपला होता. हे साऱ्या जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकाला ते पचलं होतं, दुसऱ्याला काही केल्या पचत नव्हतं.

झालं होतं ते असं. खाणी बंद पडल्यावर सगुणचा टिपर बरेच दिवस दारात गंजत पडला होता. मग रस्त्यांची कामं निघाली आणि तो माती ओढायला लागला. त्याच आठवड्यात रुद्रेशला सरकारी नोकरीची ऑर्डर आली. आता गोव्यात सरकारी नोकरीची ऑर्डर म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. गौरवीच्या बापाने तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि मगच मुलगी द्यायला होकार दिला. त्या खुशीत रुद्रेश दुपारी भावाबरोबर टिपरवर चढला आणि त्याने लहानपणापासूनचा हट्ट परत काढला.

"दादा, दे ना थोडा वेळ. आता मी कचेरीतला बाबू होणार. परत कधी हातात घेणार?"

सगुणला जेवणाची गुंगी चढली होती. जड गाडीचं लायसन त्याच्या एकट्याकडे, रुद्रेशकडे नुसतं मोटारसायकलचं. तरी दिलं. भाऊ लाडका ना! आई लवकर गेली तेव्हापासून सगुणनेच त्याला भरवलेलं, न्हाऊ घातलेलं.

मिंगेल समोरून स्कूटरवर येत होता. नळजोडणीची कामं करायचा तो, पायाशी पाइपांची पिशवी होती. पुढचं काय सांगायचं? सगुण जागा झाला तो आवाजाने. तो उडी मारून पुढे धावला. रुद्रेशही उतरला, पण पाय पुढे जाईनात. तो टिपरच्या मागे जाऊन बसला, दोन्ही कान दाबून, डोळे मिटून. किती वेळ ते त्यालाही सांगता यायचं नाही. मग सगुणने येऊन त्याचं मनगट धरलं, तेव्हा सगुणच्या शर्टाला रक्त लागलं होतं.

"गेला," सगुण म्हणाला. "ऐक. गाडी मी चालवत होतो."

"दादा, पण..."

"तुझी ऑर्डर आलीय. गप राहा."

मे महिन्याची भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लोक धावत येईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

मग खटला झाला, तारखा झाल्या, शिक्षा झाली. सगुण कोलवाळच्या तुरुंगात गेला. संजनाशी त्याचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. बाप खंगून गेला. लायसन गेलं, टिपर विकला. आणि इकडे रुद्रेशचं सगळं रांगेने होत गेलं. नोकरी लागली, गौरवी घरात आली, एक गोड चेडू झालं, मुलगी. भावाच्या जिवावर ह्या माणसाने अख्खा संसार मांडला आणि त्यातला एक घास त्याला गोड लागला नाही.

पिएदाद तुरुंगात सगुणला भेटायला जायची. पहिल्यांदा गेली ती नुसती रडून परत आली. दुसऱ्यांदा शिव्या देऊन आली. असं करत करत एक दिवस तिने त्याला सांगितलं, "पुता, मी तुला माफ केलं. माझ्याने होत नव्हतं, तरी केलं." सगुण सुटला तेव्हा फाटकाबाहेर ती उभी होती. रुद्रेशसुद्धा होता, पण तो रस्त्याच्या पलीकडे.

सगुण घरी आला आणि गौरवीने दुसऱ्याच दिवशी तोंड उघडलं. "घरात लहान चेडू, आणि जीव घेऊन आलेला माणूस? तो राहणार असेल तर मी माहेरी जाते." तिला तरी काय म्हणायचं? तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. रुद्रेश मान खाली घालून पानातलं शीत चिवडत राहिला. सगुण बाहेर अंगणात पाय धूत होता, त्याने ते सगळं ऐकलं आणि पिशवी उचलली. तेव्हापासून तो पिएदादच्या बाल्कांवात, पुढच्या पडवीत, झोपतो. तिच्या छपराचे नळे परततो, तिच्या भाटातले, काजूच्या बागेतले, बोंडू गोळा करतो, सकाळी तिच्याबरोबर काळ्या चहात पाव बुडवून खातो. ती त्याला 'पुता' म्हणते, तो तिला 'माय' म्हणतो.

रुद्रेशने फेडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. फार केला. भावाला मोबाइल घेऊन दिला, तो सगुणने पाद्रीबाच्या माळ्याला देऊन टाकला. स्कूटर घेऊन दिली, ती पिएदादच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून. साखळीला एका दुकानात त्याच्यासाठी काम बघितलं. सगुण हसला. "मला काय कमी आहे रे? तू बरा आहेस ना? चेडू बरं आहे ना? मग झालं." हे ऐकलं की रुद्रेशच्या अंगाची लाही व्हायची. भावाने एकदा कानफटात मारली असती तरी चाललं असतं त्याला. शिव्या चालल्या असत्या. पण तो माणूस काही मागतच नव्हता, आणि मागत नाही त्याचं फेडायचं कसं? होता होता त्याला सगुणचा राग यायला लागला. सगुण रस्त्यात दिसला की तो वाट बदलायचा. ज्याने वाचवलं त्याचंच तोंड नको वाटायला लागलं. अशी वेळ दुश्मनावर येऊ नये.

ह्या वर्षीच्या लदिनीला नवा पाद्रीब आला होता. साष्टीकडचा, तरुण, चष्मेवाला. प्रार्थना झाल्यावर त्याने खुरसाकडे हात केला आणि चार शब्द बोलला. तो म्हणाला, "ज्याने ह्यावर जीव दिला त्याला आम्ही सोडवणदार म्हणतो. म्हणजे काय? पूर्वी गुलामाला सोडवायचं तर कोणीतरी किंमत भरायची. इथे ती त्याने भरली, स्वतःच्या रक्ताने. ज्याने काही केलं नव्हतं त्याने भरली, आणि ज्यांनी केलं होतं ते सुटले. आता सुटलेल्याने त्याला काय द्यायचं? काही नाही. द्यायला गेलात तर तुम्ही अजून सुटलाच नाहीत. आपण फक्त घ्यायचं आणि सुटलेल्या माणसासारखं जगायचं."

रुद्रेश झाडामागून पुढे कधी आला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. चणे वाटले जात होते, तेव्हा त्याने पाद्रीबाला गाठलं.

"फादर, एक विचारू? एकाने भरलं, दुसरा सुटला, हे बरोबर आहे?"

"बरोबर नाही," पाद्रीब म्हणाला. "बरोबर असतं तर ज्याचं त्यानेच भरलं असतं. ही माया आहे."

"आमच्यात ज्याचं त्यालाच फेडावं लागतं."

पाद्रीब हसला. "आमच्यातले अर्धे लोकही मनातून तसंच धरतात. फुकट मिळालेलं घ्यायला माणसाला फार जड जातं."

"आणि घ्यायला जमलंच नाही तर? तुमच्यात पापं सांगतात ना, पाद्रीबाकडे जाऊन... मग सुटतात?"

"कुमसार? ते देवाकडे असतं. मी नुसता ऐकणारा. माणसाला सांगणं वेगळं हां, तिथे ऐकणाऱ्यालाही काळीज असतं..." एवढ्यात कोणीतरी पाद्रीबाला गाडीकडे बोलावलं आणि तो चण्यांचा द्रोण हातात घेऊन गेला.

आता ह्यातलं रुद्रेशने काय उचललं? आपल्या सोयीचं तेवढं! ह्यांच्यात सांगितलं की सुटतं, एवढं त्याच्या डोक्यात बसलं. माफी कुठे आहे? पिएदादकडे. तिने ती दिली, पण चुकीच्या माणसाला दिली. ज्याने काही केलंच नव्हतं त्याच्या पदरात ती पडली आणि ज्याची होती तो कोरडाच राहिला. आपण जाऊन सांगायचं, की माफी आपल्याकडे येईल. देवळात गाऱ्हाणं घालून नारळ ठेवला की कसं मोकळं वाटतं, तसंच होईल. बिनडोक माणूस! पण तो झोपेविना कसा दिसत होता ते बघितलं असतं, तर तुम्हालाही कीव आली असती.

तरी धीर होईना, म्हणून तो आधी सातेरीच्या देवळात प्रसाद घ्यायला गेला. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण गाऱ्हाणं घालायचं पुजाऱ्याने, आणि तेही मोठ्याने. म्हणजे त्याला काम सांगायला हवं.

"कसलं काम आहे?" पुजाऱ्याने विचारलं.

रुद्रेशने इकडे तिकडे बघितलं. "जमिनीचं," तो म्हणाला. "जुनं अडलेलं आहे. पुरं करू का सोडू?"

पुजाऱ्याने देवीला तसंच सांगितलं. लेकराचं जमिनीचं काम अडलंय, पुरं करायचं असेल तर उजवा दे. थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. रुद्रेशने कपाळ टेकलं आणि त्याचे डोळे भरून आले. देवीने कौल दिला होता तो जमिनीच्या कामाला! पण हे त्याला कोण सांगणार?

रविवारी सकाळी तो पिएदादकडे गेला. सगुण भाटात असणार, हे बघूनच गेला. देवळात नारळ नेतात तसं ह्याने मेणवातींचं पाकीट नेलं होतं. पिएदाद बाल्कांवात बसून वाळलेल्या काजूबिया निवडत होती.

"ये रे, बस. सगुण भाटात गेलाय."

"तुमच्याकडेच आलोय, आंटी."

त्याने पाकीट तिच्यासमोर ठेवलं. बसला नाही. हात जोडून उभा राहिला, आणि वाट बघत बसलो तर परत पळून जाऊ म्हणून एकदम बोलून टाकलं.

"आंटी, गाडी मी चालवत होतो."

"कुठली गाडी?" पिएदादने विचारलं.

"टिपर. त्या दिवशी. दादा झोपला होता. माझी नोकरीची ऑर्डर आली होती, म्हणून त्याने अंगावर घेतलं."

पिएदादचे हात बियांमध्ये तसेच राहिले. आत घड्याळ टिकटिक करत होतं. मग तिने सांगितलं, "परत सांग." त्याने परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याला खरोखर हलकं वाटलं, छातीवरचा धोंडा कोणी उचलावा तसं. तो रडायलाही लागला.

"मला माफ करा, आंटी."

पिएदादने त्याच्याकडे बघितलं. नवीन माणसाकडे बघावं तसं.

"तुला माफी म्हणजे काय वाटतं? कपाटात ठेवलेली असते, मागितली की काढून द्यायची?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सगुणच्या तोंडाकडे मी किती दिवस बघत बसले ठाऊक आहे? तुरुंगात त्याच्यासमोर बसायचे. मनात यायचं, ह्याचा गळा धरावा. घरी येऊन देवाशी भांडायचे. गुडघे गेले माझे भांडून. त्या तोंडाकडे बघून बघून मी ती माफी एकेक कण करून गोळा केली. ती त्या तोंडाची होती. तुझं तोंड मी कधी बघितलंच नाही. आता पहिल्यापासून सुरू करू? माझं वय बघ."

"पण तुमचा पाद्रीब म्हणाला..."

"तो देवाबद्दल म्हणाला. देव सगळ्यांचं भरतो, तो देव आहे. मी मिंगेलची आई आहे. माझ्याकडे एकदाचं होतं, ते संपलं."

पोलिसांकडे जातो, नोकरी सोडतो, असं काहीबाही रुद्रेश पुटपुटला. तिने हात हलवला. "एक मेला, एक आत जाऊन आला. आता आणखी एक घालून मी काय करू?"

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "एक सांग मला. सगुण म्हणाला होता, मिंगेल जाताना 'माय' म्हणाला. त्याच्या मांडीवर. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं काढली. ते तरी खरं ना?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? एक शब्द. कोणीही म्हटला असता. पण ह्या माणसाला त्या सकाळी खरं बोलायची नशा चढली होती. त्याला मिंगेल दिसला नव्हता, ऐकूही आला नव्हता. त्या वेळी तो टिपरच्या मागे कान दाबून बसला होता.

"मला माहीत नाही, आंटी."

पिएदादने डोळे मिटले. "जा," ती म्हणाली. "आणि त्या मेणवाती घेऊन जा."

भाटात सगुण टोपली घेऊन बोंडू वेचत होता. सगळीकडे तो आंबूस वास भरून राहिलेला. रुद्रेश धापा टाकत आला आणि त्याने सांगून टाकलं की मी पिएदादला सगळं सांगितलं. सगुण टोपली घेऊन तसाच उभा राहिला.

"का?"

"मला सहन होत नव्हतं, दादा."

"तुला सहन होत नव्हतं," सगुण म्हणाला. "आणि माझं? रुद्रू, मी ते दिलं तुला. उसनं नाही दिलं, देऊन टाकलं. तू फक्त घ्यायचं होतंस. हसायचं होतंस, बायकोला फिरायला न्यायचं होतंस, चेडवाला खांद्यावर घ्यायचं होतंस. तुला हसताना बघितलं असतं तर माझं तिथलं सगळं वसूल झालं असतं. एकदा तरी हसलास? भूत लागल्यासारखा माझ्या मागे फिरत राहिलास."

सगुणने टोपली दुसऱ्या हातात घेतली.

"ती काय म्हणाली?"

रुद्रेशने सांगितलं. माफी संपली म्हणाली, ते सांगितलं. मग मिंगेलचं सांगितलं. "ती विचारत होती, तो खरंच 'माय' म्हणाला का. मी म्हटलं, मला माहीत नाही."

तेव्हा सगुणने मारलं. उलट्या हाताने, तोंडावर, जन्मात पहिल्यांदा. टोपली उलटली आणि बोंडू उतारावरून घरंगळत गेले.

"म्हणाला होता रे!" सगुण ओरडला. तुरुंगात न रडलेला माणूस तिथे रडायला लागला. "माझ्या मांडीवर होता तो. दोनदा म्हणाला. मी ऐकलं. माझं एवढं एकच खरं होतं तिच्याकडे, आणि तेही तू..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. तो तसाच चालत सुटला. रुद्रेश मागून धावला, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायचा धीर त्याला झाला नाही. सगुण पायऱ्यांपाशी थांबला. पिएदाद दारात उभी होती, अर्धं दार धरून.

"माय," सगुण म्हणाला, "बाकी सगळं खोटं होतं. मी खोटं बोललो, ते कबूल. पण तो म्हणाला होता. देवाच्यान, म्हणाला होता. 'माय' म्हणाला होता."

पिएदाद त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हे फाटकातून रुद्रेशलाही दिसलं. राग असता तर तो कधीतरी उतरला असता.

"मला तुझं खरं धरायचंय रे, पुता," ती म्हणाली. "पण आता कसं धरू? तूच सांग, कसं धरू?"

पिएदाद आत गेली. दार तिने लावलं नाही, पण त्याला आत ये असंही म्हणाली नाही. सगुण पायरीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली आणि फाटकाकडे बघून म्हणाला, "अजून इथेच उभा आहेस? घरी जा."

"दादा, मी गौरवीला पण सांगतो. आजच सांगतो. तू घरी चल."

"खबरदार," सगुण म्हणाला. आवाज थकलेला होता. "एक शब्द बोलायचा नाही. इथलं सगळं उधळलंस. तुझं घर तेवढं शिल्लक आहे. तेवढंच राहिलंय माझं दिलेलं. ते तरी घे."

रुद्रेश घरी आला तेव्हा दुपारचं जेवण तयार होतं. गौरवीने हुमणाचा टोप उतरवला होता, चेडू पाटावर बसून बांगड्याचे काटे काढत होतं. गौरवीने नवऱ्याचा सुजलेला गाल बघितला आणि तिच्या डोक्यात आलं ते आलंच.

"त्या माणसाकडे गेला होतात ना? मारलं त्याने? बघा! हात उचलायची खोड कुठे जायची? मी आधीपासून सांगते, असल्या माणसाची सावली माझ्या चेडवावर पडता कामा नये."

चेडवाने वर बघितलं. "बाबा, तो काका वाईट आहे?"

रुद्रेशने तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं जिभेवर होतं. गौरवी पळी हातात धरून उत्तराची वाट बघत होती.

"हो," रुद्रेश म्हणाला.

गौरवीने त्याचं पान वाढलं आणि तो जेवायला बसला.